चाचांच्या हाताखालची उमेदवारी

वडील गेले त्या वर्षी मी मॅट्रिक झालो. ते सोलापुरातच शाळामास्तर होते आणि मला पुण्याला कॉलेजात घालायचं त्यांच्या मनात होतं. ते गेल्यावर त्या गोष्टीचा विषय घरात कुणी काढला नाही. आई काढणार नव्हती आणि मला काढवत नव्हता. सुतकाचे दिवस सरले तसा मामा आला, माझी काळी टोपी स्वतःच्या हाताने झटकून माझ्या डोक्यावर ठेवली आणि मला घेऊन मंगळवार पेठेतल्या एका लुगड्यांच्या पेढीवर गेला.

पेढीचे मालक लिंगायत होते. घरात कानडी, पेढीवर मराठी. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. “कुंद्र,” ते म्हणाले, म्हणजे बस. मामाने माझं अक्षर कसं मोत्यासारखं आहे, इंग्रजी कसं चांगलं आहे, ते सांगायला सुरुवात केली. मालकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, लिहिणारे माझ्याकडे आहेत, मला विकणारा पाहिजे. विकणं शाळेत शिकवत नाहीत. आमच्या चाचांबरोबर फिरू दे याला. दोन-तीन वर्षांत तयार होईल.

मी तेव्हा एवढंच ऐकलं की आपल्याला ठेवून घेतलं. तयार होईल म्हणजे कशासाठी, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

दिवस वाईट होते. सोलापुरातल्या तीस सालच्या लष्करी कायद्याचा उन्हाळा सरून दोनेक वर्षं झाली होती, तरी गांधींची पांढरी टोपी घातलेलं कुणी दुकानाशी आलं की दुकानदार आधी रस्त्याकडे बघून घेत. त्यात मंदी. पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरांतून मागांचा आवाज यायचा, पण मध्येच तो थांबला की माणसं ओळखायची, ह्या घरी सूत नाही. गिरणीची लुगडी स्वस्त पडत. चकचकीत नकली रेशीमही बाजारात आलं होतं. खेड्यातले दुकानदार पूर्वी सणासुदीच्या आधी आपण होऊन सोलापूरला येत. ते यायचे कमी झाले. तेव्हा मालकांनी ठरवलं होतं की ते येत नाहीत तर आपण जायचं. माल घेऊन गावोगाव जाणारा त्यांचा माणूस एकच होता. चाचा.

चाचा पन्नाशी ओलांडलेले, उंच, किंचित पोक आलेले. बोलणं दखनी, पण मराठीही अस्खलित, आणि अक्कलकोटाकडे गेलो की कानडी. सगळी पेढी त्यांना चाचाच म्हणायची, मालकसुद्धा. मला वाटलं होतं असा बोलका माणूस आपल्याला जवळ करील. पहिल्या फेरीला निघालो तेव्हा त्यांनी मोठं गाठोडं माझ्या डोक्यावर दिलं आणि स्टेशनापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. करमाळ्याच्या दुकानदाराने विचारलं, ह्यो पोरगा कोण? चाचा म्हणाले, हमाल आहे. मॅट्रिक झालेला मास्तरांचा मुलगा मी. रात्री धर्मशाळेत मी पाठ करून निजलो. त्यांनी पाहिलं की नाही, कोण जाणे.

पहिले काही महिने ते मला काही शिकवत नव्हते. मीच बघत होतो. गावात पोचल्यावर ते थेट दुकानात गाठोडं उघडत नसत. आधी ओट्यावर बसून पाणी मागायचे, पाऊसपाण्याचं विचारायचे, आणि मग गाठोडं तिथेच ठेवून गावात निघून जायचे. मी मागोमाग. ते पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेला, परटाच्या घरापाशी, बाजार असेल तर बाजाराच्या तोंडाशी जाऊन बसत. परटाला विचारत की धुण्यात लुगडी कुठे फाटलेली येतात. मला हे सगळं वेळ घालवणं वाटे. पण एकदा जेऊरकडच्या एका गावात परीट म्हणाला की खालचा काठ आधी जातो, बाया ज्वारी काढायला जातात, कापलेल्या ताटांच्या सडात अडकून काठ उसवतो. चाचांनी हे सोलापूरला येऊन मालकांना सांगितलं, मालकांनी विणकराला सांगितलं, आणि पुढच्या खेपेला काठाशी दुहेरी धाग्याच्या दोन रेघा विणून आल्या. त्या वर्षी जेऊर-करमाळ्याच्या बाजूला आमची लुगडी दुकानदार मागून घ्यायला लागले. गिरणीच्या लुगड्यांहून महाग असूनही.

तेव्हापासून मी त्यांच्याशी मनातून वाकडा राहिलो नाही. शिकायचं ठरवलं. तेही हळूहळू सैल झाले. दुकानात गाठोडं उघडलं की तीनच लुगडी पुढे टाकायची, चौथं काढलं की गिऱ्हाईक गोंधळतं आणि उठतं. गिरणीच्या मालाला नावं ठेवायची नाहीत, समोरच्या बाईने कालच तो घेतलेला असेल. दुकानदार ‘बघू’ म्हणाला की गप्प बसायचं, तोच पुढे बोलतो. असं ते चालता चालता सांगायचे, माझ्याकडे न बघता. आणि सारखी परीक्षा घ्यायचे. दुकानात शिरण्याआधी गाठोड्यातून लुगडं ओढून विचारायचे, सांग, ह्यो रंग कुठला? मी म्हणे, डाळिंबी. हा? अंजिरी. हा? पोपटी. चुकलो की चिडायचे, बरोबर आलो की हूं करायचे आणि लुगडी रंगावार लावून ठेवायला सांगायचे. मला वाटायचं, माझी नजर तयार करताहेत.

एकदा दुपारी आम्ही जेऊर स्टेशनावर उतरलो होतो. करमाळ्याला जायला बैलगाडी मिळायची वाट बघत लिंबाखाली बसलो होतो. समोरून एक बाई कडेवर मूल घेऊन गेली. चाचा म्हणाले, त्या काळ्या लुगड्याचा काठ बघ, आपल्या मागाचा आहे की इरकलचा?

मी म्हणालो, “चाचा, काळं कुठलं? हिरवं आहे ते.”

बाई लांब गेली. ऊन एवढं होतं की दगडावरची मुंगीसुद्धा दिसावी, आणि तरी त्यांनी हिरव्याला काळं म्हटलं होतं. गाडीत बसल्यावर मला एकेक आठवायला लागलं. रंग विचारणं. दुकानदाराला लुगडं देण्याआधी उजेडात धरणं. स्टेशनवर उतरताना पायरी पायाने चाचपणं. कापड ते बोटांनी ओळखत, सूत कितपत पिळाचं, माग कुणाचा, हे बघावं लागतच नसे त्यांना. पण रंग बोटांना कळत नाही.

गाडीवान पुढे होता. मी हळूच विचारलं, “चाचा, तुम्हाला दिसत नाही का?”

मग ते म्हणाले, दिसतं. धुकं पडल्यासारखं. सकाळी बरं असतं, दुपारी वाईट. गडद रंग सगळे एक होतात. दोन वर्षं झाली. मग माझ्याकडे तोंड करून त्यांनी विचारलं, “मालकाला सांगणार का तू?”

मी नाही म्हणालो. विचार करून म्हणालो असं नाही. तसं विचारल्यावर दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. त्यांच्या घरी नवरा गेलेली लेक आणि तिची लहान मुलं होती, हे मला ठाऊक होतं. त्या दिवसापासून गाठोडं मी लावू लागलो आणि दुकानात त्यांच्या डाव्या बाजूला बसू लागलो. ते हात पुढे करत, मी हवं ते लुगडं हातात देई. दुकानदारांना वाटे, उमेदवार हुशार आहे. खरं म्हणजे त्या दिवसांत आम्ही दोघांनी मिळून जेवढा माल खपवला तेवढा चाचांनी एकट्याने कधी खपवला नसेल. पण पेढीवर आलो की मालक हळू आवाजात विचारत, कसं चाललंय, चाचांची तब्येत बरी ना? मी बरी म्हणायचो. ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत असं वाटायचं.

त्या साली लग्नसराईत नातेपुत्याच्या एका दुकानदाराने बस्त्याची मागणी दिली. जवळच्या वाडीवरच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. नवरीसाठी भरजरी काठाचं गर्द हिरवं लुगडं, करवल्यांची, विहीणबाईंचं, मानापानाची, असा सगळा बस्ता सोलापूरहून यायचा होता. मालकांनी चांगला माल काढून दिला. त्याच गाठोड्यात संक्रांतीच्या वेळची उरलेली दोन-चार काळी लुगडीही होती, ती एका दुसऱ्या गावच्या दुकानदाराने मागितली होती.

नातेपुत्याला पोचलो आणि मला हिवतापाने गाठलं. दात वाजायला लागले. चाचांनी मला धर्मशाळेत झोपवलं, स्वतःची घोंगडी घातली, शेजारच्या म्हातारीला काढा करायला सांगितला. म्हणाले, तू पड, मी दुकानात जाऊन येतो. मी म्हणालो, उद्या जाऊ. ते म्हणाले, वाडीवरची माणसं बैलगाडी घेऊन आली आहेत, थांबायची नाहीत. तापात मला एवढं आठवतं की त्यांनी गाठोडं उचललं तेव्हा मी उठायला बघितलं आणि डोकं गरगरून खाली पडलो.

चाचांनी दुकानाच्या आतल्या खोलीत बस्ता बांधला. दुकानदाराने उघडून पाहिला नाही, कारण चाचांनी बांधलेला बस्ता उघडून बघायचा नाही अशी त्याच्या बापाच्या वेळेपासूनची रीत होती. वाडीवर दोन्हीकडची माणसं जमली. मुलाकडचे सोयरे ओळीने बसले होते. गाठ सोडली, आणि नवरीच्या मानाचं लुगडं म्हणून वर आलं ते काळं.

हे आम्हाला चार-पाच दिवसांनी कळलं. माझा ताप उतरून आम्ही दोघं सोलापूरला आलो होतो. सकाळी पेढी उघडली आणि नातेपुत्याचे दुकानदार, रातोरात प्रवास करून, ते काळं लुगडं काखेत घेऊन दारात उभे. चपला न काढताच आत आले. लग्न मोडलं, ते म्हणाले. सोयरे उठून गेले. लक्ष्मीच्या अंगावर काळं घालायला निघालात म्हणून वाटेल तसं बोलले. मुलीच्या बापाने माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन माझी अब्रू काढली.

मालकांनी लुगडं हातात घेतलं, उलगडलं, पुन्हा घडी घातली. मग चाचांना विचारलं, हे कसं झालं?

चाचा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “गाठोडं पोरगं लावतं, मालक,” ते म्हणाले. “त्यानंच घातलं असंल.”

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. बोलायला एकच गोष्ट होती आणि ती मी न बोलायचं कबूल केलं होतं. मी मान खाली घातली आणि उभा राहिलो. किती वेळ तसा राहिलो असतो, सांगता येत नाही. नातेपुत्याचे दुकानदारच म्हणाले, “ह्ये पोरगं कुटलं घालतंय? ह्ये तर तापानं फणफणून धर्मशाळंत पडलं हुतं. बस्ता तुमीच बांधला की चाचा, माज्या दुकानात.”

मालक उठले. मागच्या फळीवरून त्यांनी दोन लुगडी काढली, एक काळं, एक गर्द हिरवं, दोन्ही एकाच मागाची, हाताला सारखीच लागतील अशी. ती चाचांपुढे गादीवर ठेवली आणि त्याच हळू आवाजात म्हणाले, यातलं हिरवं मला द्या.

चाचा गुडघ्यावर बसले. त्यांची बोटं पहिल्या लुगड्यावरून फिरली, मग दुसऱ्यावरून, काठावर थांबली, पुन्हा पहिल्यावर आली. मी त्यांच्या डाव्या बाजूलाच होतो, रोज दुकानात बसायचो तसाच, आणि माझा हात नकळत पुढे झाला. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे घेतला.

चाचांनी दोन्ही लुगडी बाजूला सारली. “न्हाय दिसत, मालक,” ते म्हणाले.

मालकांचा चेहरा रागावलेला नव्हता, हे मला आजही सांगावंसं वाटतं. ते दुखावलेले दिसले. म्हणाले, तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं. मग दुकानदारांना आत जेवायला घेऊन गेले. चाचांनी उभं राहताना खांब धरला, चपला पायाने शोधल्या आणि निघून गेले. मी त्यांच्यामागे गेलो नाही. माझ्यावर आळ घालायला ते तयार झाले होते, हे माझ्या मनातून अजून उतरत नव्हतं.

दुपारी मालकांनी मला बोलावून सांगितलं की पुढच्या फेरीपासून चाचांची गावं तू कर. आता तू उमेदवार नाहीस. मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने देवापुढे दिवा लावला आणि शिरा केला. बापाच्या मागे पोराने पाय रोवले म्हणून ती डोळे पुसत होती. मी वाटी तशीच बाजूला सरकवली. तिला वाटलं, ताप अजून अंगात आहे.

पहिली एकट्याची फेरी मी नातेपुत्यालाच केली. मालकांनी सांगितलं नव्हतं. दुकानदारांनी मला ओट्यावर बसायला सांगितलं, पाणी दिलं, पण गाठोडं उघडू नको म्हणाले. मी वाडीचा रस्ता विचारला. ते म्हणाले, कशाला जातोस, मार खाशील. मी गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. एवढंच वाटत होतं की ज्यांच्या घरी हे झालं त्यांच्यासमोर पेढीचं कुणीतरी जाऊन उभं राहिलं पाहिजे.

घरी मुलीचा बाप नव्हता, शेतावर गेला होता. आई शेणाने अंगण सारवत होती. मी कोण ते सांगितलं, हात जोडले आणि म्हणालो की चूक आमच्या पेढीची, तुमच्या मुलीचं नुकसान झालं. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि मला खाली बसायला सांगितलं. आत कुणीतरी जातं ओढत होतं, ते थांबलं.

“काळ्या लुगड्याचं काय न्हाय, दादा,” बाई म्हणाली. “त्यांना आदीच मोडायचं हुतं. पोराला दुसरीकडची मोटी सोयरीक सांगून आली हुती. बस्ता उगडायच्या आदीच त्यांची तोंडं फिरली हुती. काळं निघालं आन त्यांचं काम झालं.” मग म्हणाली, “पर आमी कुणाला सांगावं? लोक काळ्या लुगड्याचंच बोलत्यात. पोरीला त्येच चिकटलं.”

आतलं जातं पुन्हा सुरू झालं. तिने मला ताक दिलं. ते पिऊन मी उठलो.

सोलापूरला आल्यावर मी हे मालकांना सांगितलं. मला वाटलं होतं काहीतरी बदलेल. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, पण काळं लुगडं गेलं होतं ना? मी हो म्हणालो. मग झालं तर, ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते.

संध्याकाळी मी चाचांच्या घरी गेलो. गल्लीतल्या खोलीसमोर बाजेवर बसले होते. माझा आवाज ओळखून जागा करून दिली. मी वाडीवरची सगळी हकीकत सांगितली. मुलीची आई काय म्हणाली ते ऐकताना ते मान हलवत राहिले.

“मालकालाबी निमित्त पायजे व्हतं,” ते म्हणाले. “तुला पैल्या दिवशी माझ्याजवळ दिलं तवाच मला समजलं, माझ्या जागी आणलंय. म्हणून तर हमाल म्हणलो तुला.”

मी म्हणालो, मला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, मला माहीत आहे, तुला ठाऊक नव्हतं. मग शिकवलंत कशाला, असं मी विचारलं. त्यांनी लेकीला चहा करायला सांगितलं.

फिरतीवर मला दिवस फार कठीण गेले. दुकानदार माल उघडायला लावत, प्रत्येक लुगडं रस्त्यावरच्या उजेडात नेऊन बघत आणि अर्ध्याहून जास्त परत करत. मीही मग तशीच रीत केली. बस्ता असो की एक लुगडं, दुकानदारासमोर बाहेर ओट्यावर उघडायचं, त्याच्याकडून रंग म्हणवून घ्यायचा, मगच बांधायचं. काहींना यात अपमान वाटे. म्हणत, चाचांच्या वेळी असलं काही नव्हतं. बाया विचारत, तुमचं चाचा कुटं हायत? मी सांगे, डोळे बिघडलेत. एकीने करमाळ्याहून बाटलीत मध दिला डोळ्यांत घालायला, एकीने कुठल्याशा झाडाची मुळी दिली. हे सगळं मी चाचांना आणून देत असे. ते बाटली हातात घेऊन विचारत, कुणी दिला? मी घराची खूण सांगितली की त्यांना बाई कळायची, तिच्या सासूची आवडसुद्धा सांगत.

हळूहळू गावं सावरली. मग मी निजामाच्या हद्दीतल्या गावांत जाऊ लागलो, तुळजापूर, उमरगा, आळंद. तिथे चाचा कधी गेले नव्हते, म्हणून तिथे मला कुणी त्यांच्याशी ताडून बघत नव्हतं. पण गावात शिरल्यावर मी आधी परटाचं घर विचारायचो. आळंदकडच्या बायांना रुंद काठ नको, अंग गडद पाहिजे, हे मी असाच बसून बसून शिकलो, आणि तो माल चांगला गेला. मालकांनी पूर्व भागातले आणखी काही माग आमच्यासाठी लावले. ज्या घरातला माग थांबलेला असे त्या घरातला आवाज पुन्हा ऐकू आला की मला बरं वाटायचं. मालक मला पेढीवर आपल्या शेजारी बसवू लागले. लोकांनी माझी प्रगती म्हटली. मलाही ती तशीच वाटायला हवी होती.

चाचांचं पुढे मिरजेला डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एका डोळ्याला दिसू लागलं, दुसऱ्याला नाही. जाड भिंगांचा चष्मा लावून ते मंगळवारच्या बाजारात एका नातलगाच्या खणांच्या दुकानापुढे बसू लागले. मी पेढीवर असलो की त्यांच्याकडे जाऊन बसत असे. ते गावांचं विचारायचे, कुणाकडे लग्न, कुणी दुकान वाढवलं, नातेपुत्याचे दुकानदार बोलतात का अजून. त्या वाडीवरच्या मुलीचं दोनेक वर्षांनी माळशिरसकडे लग्न झाल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

मनातली गोष्ट विचारायला मला अनेक वर्षं लागली. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी विचारलं की त्या दिवशी मालकांपुढे तुम्ही माझं नाव का घेतलंत?

त्यांनी टाळाटाळ केली नाही. बहुतेक ते त्या प्रश्नाची वाटच बघत होते.

“तू तरणा व्हतास,” ते म्हणाले. “लिवता-वाचता येणारा. तुला काढलं असतं तर दुसऱ्या पेढीनं दारातून उचलला असता. मला कुणी घेतलं असतं का?” आणि मग, “वाईट केलं. पर तवा दुसरं सुचलं न्हाय.”

ते बरोबर बोलत होते. मला दुसरी पेढी मिळाली असती, कदाचित चांगली मिळाली असती. मी हो म्हणालो. पण घरी येताना माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटलेलं नाही. त्यांनी सांगितलेलं कारण मला पटलं होतं आणि दुखणं जिथल्या तिथे होतं. त्यानंतर काही महिने मी बाजाराच्या त्या बाजूला गेलो नाही. फिरतीवरून आलो की दुसऱ्या रस्त्याने पेढीवर जायचो. मग एकदा त्यांच्या लेकीने निरोप पाठवला की अब्बा विचारतात, करमाळ्याचा कुणी आला नाही का. मी गेलो. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. शेवटपर्यंत ते मला गावं विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो.